डब्यातला डिसेंबर

लिंत्सर टोर्ट हा जॅमचा केक भाजल्या दिवशी कापायचा नसतो. घरभर दालचिनी-लवंगेचा घमघमाट सुटलेला असतो, कणकेच्या जाळीतून रेड करंटचा तांबडा जॅम चकाकत असतो. तरी सुरी लांबच ठेवायची. पहिल्या दिवशी लोणी, साखर, बदामाची पूड, जॅम सगळे आपापल्या तोऱ्यात असतात. दोन-तीन दिवसांत जॅमचा ओलावा कडांपर्यंत झिरपतो, लवंगेचा उग्रपणा निवतो आणि टोर्ट लोणच्यासारखा मुरतो. या टोर्टची १६५३ सालची हस्तलिखित कृती ऑस्ट्रियातल्या आडमाँटच्या मठात जपलेली आहे. इतकी वर्षं लोक या टोर्टसाठी थांबत आले आहेत, याचं मला फार अप्रूप वाटतं.

तिकडे नाताळची बिस्किटं आदल्या रात्री होत नाहीत. नाताळाआधीच्या चार रविवारांचा ॲडव्हेंट लागला की घरोघरी पत्र्याचे डबे भरू लागतात. त्यात माझी लाडकी व्हॅनिलकिपफर्ल. मैदा, गार लोणी, बारीक दळलेले बदाम किंवा अक्रोड, थोडी साखर, बस्स. लोणी पाघळलं तर चंद्रकोरी ओव्हनमध्ये पसरतात, म्हणून पीठ आधी थंडीत विसावू द्यायचं. मग तुकडा तळहातावर वळून दोन्ही टोकं निमुळती करायची आणि हलकेच वाकवायचा. कडा जेमतेम पिवळसर झाल्या की बाहेर. लगेच उचलली तर चुरा होतो. पार निवू दिली तर व्हॅनिलाची साखर धरत नाही. मधला तो कोमट क्षण बोटांनाच कळतो.

न्यूर्नबर्गच्या लेबकुखन या मसालेदार बिस्किटांमध्ये मध असतो, सुकामेवा असतो आणि मलबारच्या किनाऱ्यावरून कधीकाळी व्हेनिसमार्गे त्या शहरात पोचू लागलेले मसाले. टणक झालेल्या लेबकुखनच्या डब्यात सफरचंदाची फोड ठेवतात. काही दिवसांत ते मऊ पडतात. ड्रेस्डेनच्या श्टोलन या नाताळच्या गोड पावाने तर लोण्यासाठीच वाट पाहिली. ॲडव्हेंट तेव्हा उपासाचा काळ, लोणी वर्ज्य. श्टोलन तेलावरच भागवायचा. १४९१ मध्ये पोप आठवे इनोसंट यांनी पत्र पाठवून लोण्याला मुभा दिली. आज भाजून निघालेला श्टोलन वितळलेल्या लोण्यात न्हातो, पिठीसाखर पांघरतो आणि पुढचे काही आठवडे थंड जागी पडून राहतो. आतले रममध्ये भिजलेले बेदाणे तोवर आपला रस सगळ्या पिठाला वाटून देतात.

गरमागरम वाढण्यात माया असते, हे आपण जाणतोच. या पदार्थांतली माया लांब पल्ल्याची आहे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पीठ मळणाऱ्याच्या मनात चोवीस तारखेच्या संध्याकाळी येणारी माणसं असतात. कुणाला अक्रोड आवडतो, कुणाला बदाम, हे हात चालू असतानाच आठवत असतं. पाहुणा उंबरठ्यावर येतो, तेव्हा त्याचं स्वागत कधीचंच सुरू झालेलं असतं. आपण यायच्या कितीतरी आधीपासून कुणीतरी आपली आठवण काढत होतं, हे कळण्यासारखं दुसरं आतिथ्य मला माहीत नाही.