कुलूप दाराला, विमा भिंतींना

गौरी-गणपतींचे विसर्जन करून आम्ही गावाहून परतलो, तो दिवस होता ६ सप्टेंबर २०२२. पहाटे ठाण्याला उतरून लोकलने डोंबिवली गाठली. एका हातात नारळांची पिशवी, दुसऱ्या हातात झोपलेला मुलगा, अशा अवस्थेत दुसरा मजला चढून वर आले तर दार किंचित उघडे. शेजारच्या काकूंनी कुंड्यांना पाणी घालण्यासाठी उघडले असेल, असेच आधी वाटले. मग खाली लक्ष गेले. कोयंडा चौकटीतून उपटून लोंबत होता आणि त्यातले आमचे भले मोठे पितळी कुलूप जसेच्या तसे बंद होते.

आतले वर्णन काय करू? ज्यांच्या घरी असे घडले आहे त्यांना ते ठाऊक आहे. लोखंडी कपाट वाकवून उघडले होते. सासूबाईंच्या पाटल्या आणि मोहनमाळ, माझे मोठे मंगळसूत्र, मुलाच्या बारशातले चांदीचे वाळे, डब्यात ठेवलेले अठरा हजार रुपये, लॅपटॉप, सगळे गेले होते. देवघरातले चांदीचे निरांजनही सोडले नव्हते. आई मटकन खाली बसल्या. पाटल्या त्यांना त्यांच्या आईने दिलेल्या होत्या.

''काळजी करू नका,'' आमचे हे म्हणाले, ''घराचा विमा आहे आपला.''

२०१८ साली घरासाठी कर्ज घेतले तेव्हा बँकेने दिलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात एक पॉलिसीही होती. एकरकमी हप्ता कर्जातच मिळवला होता. चार वर्षे आम्ही दोघेही 'आपल्या घराचा विमा आहे' असे अभिमानाने सांगत होतो. त्या सकाळी ती पॉलिसी मी पहिल्यांदा वाचली. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप अशी नावे होती. विमा इमारतीचा होता, म्हणजे आमच्या भिंतींचा. भिंतींना काहीच झाले नव्हते. घरफोडी हा शब्द त्यात कुठेच नव्हता. मी पत्रकारितेचा डिप्लोमा केलेली, दिवसभर लोकांचे मजकूर तपासणारी बाई. पण घरातला एवढा महत्त्वाचा कागद माझ्या नजरेखालून गेला नव्हता.

बँकेची फसवणूक वगैरे काही नव्हती. कर्ज देणाऱ्याला काळजी असते ती तारण ठेवलेल्या इमारतीची. आपल्या पाटल्यांची काळजी त्याने का करावी?

पोलीस आले तोपर्यंत आईंनी देवघर आवरून, पुसून घेतले होते. देव उघड्यावर पडलेले त्यांना बघवेनात. हवालदारांनी कपाळाला हात लावला. घरफोडी झाली तर पंचनामा होईपर्यंत काहीही हलवू नये, हे पुस्तकात वाचणे सोपे आहे.

मग पोलीस ठाण्यात तक्रार लिहिताना तो प्रश्न आला, ''कोणावर संशय?''

आई म्हणाल्या, ''आमची कामवाली. आम्ही किती दिवस जाणार, ते तिलाच माहीत होते.''

मावशी आमच्याकडे सहा वर्षे कामाला होत्या. मुलगा त्यांच्याच मांडीवर खेळत मोठा झाला. त्यांच्यावर मला संशय होता का? खरे सांगायचे तर नव्हता. पण 'नाही' म्हणावे एवढी हिंमतही त्या वेळी झाली नाही. घरात लिहिण्याचे काम माझे, म्हणून तक्रारीचा मजकूर मीच सांगत होते. ते वाक्यही मीच सांगितले, व्याकरणशुद्ध.

मावशींना तीनदा ठाण्यात बोलावले. पुढे समोरच्या औषधाच्या दुकानातल्या कॅमेऱ्यात भर दुपारी छत्री घेऊन आमच्या जिन्याकडे येणारी आणि पाऊण तासाने जड पिशवी घेऊन जाणारी दोन अनोळखी माणसे दिसली. चेहरे छत्रीआड होते. ती सापडली नाहीत, दागिनेही नाहीत. मावशी परत कामाला आल्या नाहीत. मी निरोप पाठवला, पगार पाठवला. पगार त्यांनी ठेवून घेतला.

नंतर शेजारच्या इमारतीतील एका विमा प्रतिनिधी बाईंना घरी बोलावले. या वेळी मी वही घेऊन बसले. त्यांनी सांगितलेली पहिलीच गोष्ट मला नवी होती. विम्याच्या भाषेत चोरी वेगळी आणि घरफोडी वेगळी. बहुतेक घरफोडी विम्यात आत शिरताना किंवा बाहेर पडताना जबरदस्ती झालेली असावी लागते. कडी तोडलेली, गज कापलेला, खिडकी फोडलेली, अशी खूण हवी. दार उघडे राहिले आणि कोणी पर्स उचलून नेली, किंवा कुंडीखाली ठेवलेल्या चावीने कोणी दार उघडले, तर दावा अडू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये एका गोदामातील मालाच्या प्रकरणात हाच अर्थ लावला होता. पॉलिसीत जबरदस्तीची अट लिहिलेली असेल, तर नुसती चोरी पुरत नाही. आमचा उपटलेला कोयंडा म्हणजे खरे तर उत्तम पुरावा होता. फक्त पॉलिसी नव्हती.

दुसरी गोष्ट ऐकून मी पेन खाली ठेवले. घरातले कोणी किंवा घरचा नोकर चोरीत सामील असेल, तर अनेक पॉलिसींमध्ये भरपाई मिळत नाही. म्हणजे आमच्याकडे विमा असता, तर मी सांगितलेले ते एक वाक्य आमच्याच दाव्याच्या आड आले असते. मावशींच्या आड तर ते आलेच होते.

१ एप्रिल २०२१ पासून प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीला 'भारत गृह रक्षा' ही एकसारख्या अटींची पॉलिसी द्यावी लागते. इमारतीचा विमा घेतला की घरातल्या सामानालाही आपोआप संरक्षण मिळते. विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये. ऐकायला छान वाटते ना? मलाही वाटले. पण हे संरक्षण आग-पुरासारख्या संकटांचे आहे. चोरीची भरपाई मिळते, पण अशा संकटामुळे आणि त्यानंतर सात दिवसांच्या आत चोरी झाली तरच. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळा विमा घ्यावा लागतो आणि दागिन्यांसाठी वेगळी नोंद करावी लागते. रोख रक्कम सहसा धरत नाहीत. घर सलग किती दिवस बंद असले तर संरक्षण थांबते, हा आकडा प्रत्येक पॉलिसीत निराळा असतो. आम्ही आठ दिवस बाहेर होतो. काही पॉलिसींमध्ये ही मर्यादा सातच दिवसांची असते! कोकणातल्या गणपतीला किंवा उन्हाळ्यात माहेरी जाणाऱ्यांनी सही करण्याआधी हा आकडा जरूर विचारावा.

दाव्याच्या वेळी प्राथमिक तक्रारीची प्रत लागते, आणि बहुधा तपास लागला नाही असा पोलिसांचा शेवटचा अहवालही. १ जुलै २०२४ नंतरच्या घटनांत तक्रारीवर भारतीय न्याय संहितेची ३०५ आणि ३३१ ही कलमे दिसतील, जुन्या दंड संहितेची नव्हे. वस्तू तुमची होती हे मात्र तुम्हीच दाखवायचे. आमच्याकडे लॅपटॉपची पावती निघाली. पाटल्यांची कुठली पावती? पन्नास वर्षांपूर्वीच्या सोनाराचे दुकानही आता नाही. त्यांचा एकमेव पुरावा म्हणजे माझ्या लग्नाच्या अल्बममधला, आई मला ओवाळतानाचा फोटो, आणि त्यातही अर्ध्या पाटल्या पदराखाली.

तेव्हा उरलेल्या दागिन्यांचे आम्ही मूल्यांकन करून घेतले, वजनासह फोटो काढले आणि प्रती माझ्या भावाच्या घरी ठेवल्या. थोडे दागिने लॉकरमध्ये गेले. तिथेही मी विचारून घेतले. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे बँकेत आग, चोरी, दरोडा किंवा कर्मचाऱ्याची लबाडी झाली, तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत. तीन हजार भाडे असेल तर तीन लाख. आत दहा लाखांचे सोने असले तरी तेवढेच.

दाराचे काम करायला आलेल्या सुतारांनी जुना कोयंडा हातात धरून दाखवला. ''वहिनी, कुलूप हजाराचं आणि स्क्रू चार आण्याचे.'' बोटाच्या पेराएवढे चार स्क्रू चौकटीत शिरले होते. कटावणीचा एक झटका पुरला असणार. शिवाय बाहेर लोंबणारे कुलूप म्हणजे घरात कोणी नाही अशी पाटीच. आता दाराच्या आत बसणारे कुलूप आहे, चौकटीच्या आरपार जाणारे बोल्ट आहेत, पुढे जाळीचे लोखंडी दार आहे. गावी जाताना दूध आणि वर्तमानपत्र बंद करतो. संध्याकाळी आपोआप लागणारा एक दिवा आहे. पोलीस ठाण्यात कळवून जातो. आणि हो, 'चाकरमानी निघाले कोकणात' असा सहकुटुंब फोटो मी गाडीत बसल्या बसल्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला होता. किती दिवस जाणार, हे मावशींनाच काय, माझ्या फोनमधल्या चारशे जणांना माहीत होते.

नव्या विम्याचा वर्षाचा हप्ता आमच्या एका महिन्याच्या दुधाच्या बिलाच्या आसपास येतो. तो मी स्वतः भरते आणि पॉलिसी दरवर्षी वाचते.

गेल्या पावसाळ्यात भाजी बाजारात मावशी भेटल्या. दोन इमारती सोडून त्यांना काम आहे. मुलगा कितवीत आहे, ते त्यांनी विचारले. मी सांगितले. काही तरी बोलायला हवे होते, तोंडाशी आलेही होते. तेवढ्यात त्यांनीच विचारले, ''आजींच्या पाटल्या मिळाल्या का हो?''

''नाही,'' मी म्हणाले.

''मिळायला पाहिजे होत्या,'' त्या म्हणाल्या आणि निवडलेली भेंडी तराजूत टाकली.