वगळलेल्या नोंदी

काही वर्षांपूर्वी माझ्या हातून एक चूक झाली. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ती सांगावी, असे फार दिवसांपासून मनात आहे.

भौतिकशास्त्रातील पीएच.डी. संपवून मी नुकतीच वायुमापनाच्या कामात शिरले होते. मध्य भारतातील एका धरणाच्या जलाशयातून किती मिथेन बाहेर पडतो, हे मोजायचे होते. पद्धत साधी होती. पाण्यावर एक तरंगते भांडे उपडे ठेवायचे, त्यात साचणारी हवा नळीने लेसर-विश्लेषकात न्यायची आणि मिथेनचे प्रमाण कोणत्या गतीने वाढते ते पाहायचे. बहुतेक वेळा आलेखावर शांत, चढती रेषा उमटे. मधूनच ती एकाएकी उसळी घेई. भांडे हलले असेल, नळीत पाणी शिरले असेल, असे मानून अशा उसळ्या आपोआप वगळणारी एक ओळ मी प्रोग्रॅममध्ये लिहिली. उरलेला आलेख देखणा दिसू लागला. निष्कर्षही दिलासा देणारा निघाला आणि तो आम्ही एका परिषदेत मांडला.

पुढे गटात आलेल्या एका विद्यार्थिनीने जुन्या नोंदी चाळताना विचारले, "मॅडम, वगळलेल्या नोंदी बहुतेक मे महिन्यातल्या आणि उथळ पाण्यातल्याच कशा?" मी निरुत्तर झाले. यंत्रातला दोष महिना पाहून येत नाही.

त्या उसळ्या म्हणजे बुडबुडे होते. धरणामुळे नदी थबकते. पाण्याखाली गेलेली झाडेझुडपे, शेतजमिनीतील सेंद्रिय द्रव्य आणि दर पावसाळ्यात वाहून येणारा गाळ तळाशी बसतो. उन्हाळ्यात कोमट, हलके पाणी वर राहते आणि थंड, जड पाणी खाली. दोन्ही थर मिसळेनासे होतात आणि तळाचा प्राणवायू संपतो. प्राणवायूविना जगणारे सूक्ष्मजीव तेथे मिथेन तयार करतात. हा वायू पाण्यात विरघळून सावकाश वर येऊ लागला, तर वाटेत दुसरे जिवाणू त्याचा बराचसा भाग खाऊन त्याचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करतात. मात्र गाळात साठलेल्या वायूचा दाब वरच्या पाण्याच्या आणि हवेच्या एकत्रित दाबाहून अधिक झाला, की बुडबुडा सुटतो. उथळ पाण्यात तो काही सेकंदांत पृष्ठभागी पोचतो. जिवाणूंना अवसरच मिळत नाही.

दहा मीटर खोल पाण्याचा दाब जवळजवळ एका वातावरणाइतका असतो. उन्हाळ्यात सिंचनासाठी आणि विजेसाठी पाणी सोडून जलाशयाची पातळी पाच मीटर उतरली, तर गाळावरचा दाब अर्ध्या वातावरणाने घटतो. सोड्याच्या बाटलीचे झाकण काढल्यावर जे होते, तेच मग धरणाच्या फुगवट्याच्या काठाकाठाने घडते. आम्ही हिशोब नव्याने केला, तेव्हा एकूण मिथेनचा मोठा हिस्सा वगळलेल्या नोंदींतच सापडला. परिषदेतील निष्कर्ष मागे घेत असल्याचे पत्र मीच लिहिले.

ही गोष्ट एका जलाशयापुरती असती, तर लिहिली नसती. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यानुसार जगातील जलाशय दरवर्षी सुमारे ८० कोटी टन कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचे हरितगृह वायू सोडतात. मानवनिर्मित उत्सर्जनाचा हा सुमारे १.३ टक्के भाग आहे. त्यातील सुमारे चार पंचमांश परिणाम एकट्या मिथेनचा. वस्तुमानास वस्तुमान धरले, तर वीस वर्षांच्या काळात मिथेनची तापवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट असते.

भारतात पाच हजारांहून अधिक मोठी धरणे आहेत. मार्च २०१९ मध्ये केंद्र सरकारने २५ मेगावॅटहून मोठ्या जलविद्युत प्रकल्पांनाही नवीकरणीय ऊर्जेत स्थान दिले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात आयपीसीसीने बुडीत जमिनीतून निघणाऱ्या मिथेनचा हिशोब कसा करावा, याची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. हे दोन्ही निर्णय शेजारी ठेवून वाचायला हवेत.

एक सोपा भागाकार आपणही करू शकता. प्रकल्पाची क्षमता जलाशयाच्या क्षेत्रफळाने भागा. नर्मदेवरील इंदिरा सागरची क्षमता १००० मेगावॅट आणि जलाशय ९१३ चौरस किलोमीटर. याच पाण्यासाठी २००४ मध्ये हरसूद रिकामे झाले. भागाकार येतो प्रतिचौरस मीटर सुमारे १.१ वॅट. टिहरीचीही क्षमता १००० मेगावॅटच, पण जलाशय अरुंद हिमालयी दरीत, पन्नास चौरस किलोमीटरच्या आसपास. तेथे हाच आकडा २०च्या घरात जातो. क्योटो करारातील स्वच्छ विकास यंत्रणेने २००६ मध्ये ४ वॅटपर्यंतच्या जलाशयी प्रकल्पांना कार्बन क्रेडिटच्या कक्षेबाहेर ठेवले, तर १० वॅटहून अधिक असल्यास जलाशयाचे उत्सर्जन नगण्य मानले.

हा भागाकार म्हणजे निकाल नव्हे. इंदिरा सागरचे पाणी शेतीलाही मिळते, त्यामुळे सगळे उत्सर्जन विजेच्या माथी मारता येणार नाही. धरण नसतानाही नदीतून थोडा कार्बन हवेत जातच असतो. तो वजा करायला हवा. शिवाय कोळशाच्या विजेमागे प्रतियुनिट सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, तोही विसरून चालणार नाही. दोन धरणे सारखी नसतात, एवढे मात्र या आकड्यांवरून उघड होते. म्हणून प्रत्यक्ष मोजायला हवे: खोल पाण्यात आणि उथळ काठावरही, पावसाळ्यानंतर आणि मे महिन्यातही, शिवाय टर्बाइनमधून तळाचे पाणी जेथे उसळून बाहेर पडते तेथेही.

प्रोग्रॅममधली ती ओळ मी पुसलेली नाही, फक्त बदलली आहे. आता ती उसळ्या वगळत नाही, वेगळ्या फाइलमध्ये साठवते. दर मे महिन्यात आमच्या गटाचे वाचन त्या फाइलपासून सुरू होते.