शेवटची ओढ

लोणावळ्यात वर्षाला साधारण 4000 मिलिमीटर पाऊस पडतो. त्या ओलीत चाकाचे नट गंजून असे धरतात की जोर लावला की पाना सटकतो आणि नटाचे कोपरे झिजतात. तिथे इम्पॅक्ट गन हवीच. पण तोच नट आवळायची वेळ आली की माझं मन हातातल्या व्हील पान्याकडेच ओढ घेतं. कारच्या नटाला साधारण 100 न्यूटन-मीटर पीळ पुरतो. गन सहज त्याच्या पुढे जाते, बोल्ट ताणला गेला तरी वरून काही दिसत नाही. नट कमी-जास्त आवळले गेले तर डिस्क वाकडी बसते, आणि बोरघाट उतरताना ब्रेकचं पेडल थरथरतं. हाताला मात्र कळतं: नट सरसर फिरतो, बसतो, मग पाना किंचित लवतो. त्या लवण्यापाशी माझा जीव अडकतो. थकलेला हातही चुकतो, असं कुणी म्हणेल, आणि ते खरंच आहे. म्हणून तर टॉर्क रेंच. पण तोही हातानंच ओढायचा, सावकाश, समोरासमोरचे नट आळीपाळीनं घेत, ठरवलेल्या पिळाचा खटका वाजेपर्यंत. कामशेतपासून खंडाळ्यापर्यंत गॅरेजांत वेळेची घाई असते, हे समजतं. तरी चार चाकांना अशी लागून लागून किती मिनिटं लागतात?