पसरणीच्या घाटाची साक्ष

काही दुखणी अशी असतात की, वैद्याची पायरी चढताच ती पळून जातात. रात्रभर ठणकणारी दाढ सकाळी दंतवैद्याच्या खुर्चीत शहाण्या मुलीसारखी गप्प बसते आणि बिचारा रोगी आपणच खोटे बोलत असल्यासारखा ओशाळा होतो. यंत्रांनाही ही खोड असते. कायमचे बिघडलेले यंत्र परवडले. त्याचे काय करायचे ते निदान कळते. पण आज बिघडले, उद्या सुधारले, आणि कारागिरापुढे तर जन्मात कधी बिघडलेच नव्हते अशा थाटात उभे राहिले, असल्या यंत्राशी गाठ पडली म्हणजे माणसाची अक्कल आणि अब्रू दोन्ही पणाला लागतात.

माझी अशी गाठ पडली ती आमच्या नव्या मोटारीच्या स्टिअरिंगशी. २०२२ सालच्या पाडव्याला आम्ही ही गाडी घेतली. मराठीच्या प्राध्यापकाने नवी गाडी घ्यावी, हा आमच्या गल्लीत दोन दिवस पुरेल इतका विषय होता. पण घ्यावी लागली ती आईसाठी. तिचे माहेर वाई. वय शहात्तर. गुडघ्यांमुळे एसटीची पायरी चढवत नाही, आणि कृष्णाबाईच्या उत्सवाला गेल्याशिवाय राहवत नाही. शिवाय तिची आणखी एक हौस उरली होती. लहानपणी शाळेच्या सहलीत पाचगणीच्या सिडने पॉइंटवरून तिने खाली पसरलेली वाई पाहिली होती. ती पुन्हा एकदा पाहायची होती.

गाडीचे चक्र इतके हलके की, सौभाग्यवती म्हणाली, "अहो, ही तर ताकातली रवी!" उपमा अगदी चपखल होती. जुन्या अँबॅसडर आणि पद्मिनी गाड्या ज्यांनी हाकल्या आहेत, त्यांना उभी गाडी वळवताना दंडात काय कळ येते ते सांगायला नको. हे कष्ट वाचवणारे स्टिअरिंग अमेरिकेत १९५१ साली क्रायस्लरच्या इंपिरियल गाडीतून बाजारात आले. त्यात तेलाच्या दाबाने चाके वळवायला मदत होई. पुढे तेलाची जागा विजेने घेतली. आज आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत ही विजेची मदत असते. तिची युक्ती साधी आहे. चक्राच्या दांड्यात एक बारीक सळई बसवलेली असते. आपण चक्र फिरवले की तिला किंचित पीळ पडतो. तो पीळ मोजून एक छोटा संगणक मोटारीला हुकूम सोडतो आणि ती मोटार आपल्या हाताला हात लावते. गाडी हळू असेल तेव्हा जास्त मदत, वेगात असेल तेव्हा अगदी थोडी. हा शेवटचा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढची सारी कथा त्याच्यावरच उभी आहे.

२०२३ च्या फेब्रुवारीत आम्ही वाईला निघालो. गाडी तेव्हा अकराशे किलोमीटर चालली होती. कात्रजचा बोगदा ओलांडला, शिरवळ गेले, खंबाटकीचा घाट चढलो. या घाटाची वळणे ऐसपैस. साताऱ्याकडे जाणाऱ्यांनी घाट चढावा आणि पुण्याकडे परतणाऱ्यांनी बोगद्यातून यावे, अशी तेव्हा तिथली वहिवाट होती. सुरूरच्या फाट्याला महामार्ग सोडला आणि वडांच्या सावलीतून वाईत शिरलो. ढोल्या गणपतीला नमस्कार झाला, घाटावरचा प्रसाद झाला. आमच्यासारख्या मराठीच्या माणसाला वाई म्हणजे दुहेरी तीर्थ. एका अंगाला कृष्णामाई, दुसऱ्या अंगाला प्राज्ञपाठशाळा आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी ज्याचा पाया घातला तो मराठी विश्वकोश. या सबंध प्रवासात स्टिअरिंगने एका शब्दाने कुरकुर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचगणीला निघालो. वाईच्या बाहेर पडले की डोंगराच्या पायथ्याला पसरणी लागते. शाहीर साबळ्यांचे हे जन्मगाव. तिथून घाट सुरू होतो. बारा-तेरा किलोमीटरांत सुमारे सहाशे मीटरांचा चढ. एका बाजूला काळा कातळ, दुसऱ्या बाजूला खोल दरी, दरीत कृष्णेचे खोरे आणि दूरवर धोम धरणाचे चकाकते पाणी. आई खिडकीला नाक लावून बसली होती. चार-पाच वळणे झाली. पुढचे वळण घेताना एकाएकी चक्र हातात दगडासारखे झाले! समोर स्टिअरिंगचे चित्र असलेला पिवळा दिवा पेटला. दोन्ही हातांनी जोर लावून वळण पुरे केले आणि पुढे कठड्यापाशी रुंद जागा होती तिथे गाडी उभी केली.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती ठाऊक असली म्हणजे माणूस घाबरत नाही. विजेची मदत गेली तरी चक्र आणि चाके यांचा लोखंडी सांधा शाबूत राहतो. चक्र जड होते, पण गाडी आपल्या ताब्यात असते. जोर लावावा, वेग कमी करावा, बाजूला थांबावे. पाच मिनिटांनी इंजिन बंद करून पुन्हा सुरू केले, तर दिवा गायब आणि चक्र पुन्हा ताकातली रवी!

तरी आईला त्या गाडीतून वर न्यायला मन धजेना. वाईहून मामेभावाला त्याची जीप घेऊन बोलावले, घरची मंडळी तिच्यात बसवली आणि मी एकटा रिकामी गाडी हळूहळू खाली घेऊन आलो. सहल तिथेच संपली. आईने निकाल दिला, "नवी म्हणे! आमच्या वेळची एसटी बरी होती. तुझ्या या गाडीत मी पुन्हा घाट चढायची नाही."

पुण्याला परतल्यावर गाडी दुरुस्ती केंद्रात नेली. काचेचे दालन, थंडगार हवा, कॉफी. एका तरुणाने गाडी महामार्गावर पाच-सहा किलोमीटर फिरवून आणली आणि हसून म्हणाला, "सर, गाडी एकदम ओके आहे." गाडीच्या संगणकात वीजदाब उतरल्याची एक जुनी नोंद सापडली होती. "बॅटरी जरा उतरली असेल," असे म्हणून त्यांनी ती नोंद पुसून टाकली. मला फार वाईट वाटले. जुन्या पोथ्यांशी ज्याचा संबंध आला आहे त्याला असे पुसून टाकणे म्हणजे काय ते कळते. हाती आलेला एकुलता एक पुरावा त्यांनी ओल्या फडक्याने पुसावा तसा पुसला होता.

पंधरा दिवसांनी पुन्हा तोच प्रकार; पुन्हा तीच फेरी, तेच हसू. बॅटरी तपासली, ती ठणठणीत निघाली. शेजारचे निवृत्त साहेब म्हणाले, "नव्या गाडीची सवय व्हायला वेळ लागतो हो." सौभाग्यवती तोंडाने काही बोलली नाही, पण गाडीत बसताना ती माझ्या हातांकडे पाहू लागली. प्रश्न आता स्टिअरिंगचा राहिला नव्हता. माझ्या शब्दाचा झाला होता.

मग मी माझ्या धंद्यातली रीत वापरली. एखाद्या जुन्या ग्रंथाच्या दहा पोथ्या मिळाल्या की आम्ही पाठभेद मांडतो: कोणत्या पोथीत कोणता शब्द, कोणत्या जागी, कोणाच्या हातचा. तसे मी एक वहीच घातली. तारीख, वेळ, जागा, वेग, चक्र किती फिरवले होते, दिवे आणि वातानुकूलन चालू होते की बंद, चक्र किती वेळ जड राहिले. विश्वकोशाच्या ग्रंथालयात काम असले की मी एकटाच वाईला जाई आणि पहाटे, रस्ता मोकळा असताना, पसरणीची काही वळणे चढून येई. तीन महिन्यांत सात नोंदी झाल्या. तीन आमच्या इमारतीच्या तळघरात गाडी लावताना, एक कसबा पेठेतल्या बोळात, तीन पसरणीच्या घाटात. महामार्गावर एकही नाही! तळघरात दिवा नुसता डोळा मिचकावी. घाटात मात्र चार-पाच वळणे पाठोपाठ झाली की चक्र हटून बसे.

वही घेऊन मी वाईच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. वॉरंटी चालू असताना दुसऱ्याने तारांना हात लावणे बरे नव्हे, म्हणून फक्त सल्ला मागितला. त्याने उमेदीची वर्षे एसटीच्या कारखान्यात काढली होती. आपली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, या रस्त्यावर पहिल्यांदा धावली. त्या जुन्या गाड्यांना कसली विजेची मदत? पसरणीचे वळण घेताना ड्रायव्हर चक्रावर अक्षरशः ओणवा होई. मिस्त्रीने वही लांब धरून वाचली आणि म्हणाला, "मास्तर, सरळ रस्त्यावर गाडीच काय, माणूसबी चांगलाच दिसतो. चढाला लावल्याबिगर कळत न्हाई. जितं दुकतं तितं वैद्य न्या."

इतक्या थोडक्यात निदान करणारा माणूस मी पाहिला नाही. महामार्गावर मोटारीला जवळजवळ कामच नसते. तिथे ती काय म्हणून कुरकुर करील? काम पडते ते हळू वेगात, चक्र पुरे फिरवताना. अशा वेळी ती मोटार एका दमात कितीतरी अँपिअर वीज ओढते. तारांच्या सांध्यात कुठे कच्चेपणा असेल तर तो तेव्हाच उघडा पडणार. शिवाय कच्चा सांधा प्रत्येक वळणागणिक तापतो आणि तापला की विजेला आणखी अडवतो. म्हणून पहिल्या वळणाला काही नाही आणि पाचव्याला हटवादीपणा!

सुदैवाने केंद्रात एक होतकरू कारागीर भेटला. मुलगा भुईंजचा, दर शनिवारी घरी जाणारा. वही पाहून तो हसला नाही. त्याने ती शेवटपर्यंत वाचली आणि विचारले, "सर, या शनिवारी मी तुमच्याबरोबर येऊ का? वरिष्ठांना मी विचारतो." २०२३ च्या मे महिन्यातल्या त्या दुपारी आम्ही दोघे पसरणी चढलो. त्याच्या मांडीवर संगणक, संगणकाची तार गाडीच्या पोटात. पहिले वळण, दुसरे, तिसरे. पडद्यावरचा आकडा साडेतेराच्या आसपास डुलत होता. चौथ्याला तो अकरावर आला. पाचव्या वळणाला नऊच्याही खाली कोसळला, चक्र दगड झाले, पिवळा दिवा लागला आणि तो मुलगा ओरडला, "सापडलं!" बिघाड झाल्याचा आनंद मला आयुष्यात प्रथमच झाला.

सोमवारी त्याने मोटारीची अर्थिंगची तार सोडवली. ती गाडीच्या सांगाड्याला जिथे आवळतात, तिथे बोल्टखाली रंगाचा थर राहिला होता आणि बोल्टही पुरता आवळलेला नव्हता. लोखंडाला लोखंड भिडायला हवे, तिथे मध्ये रंग आडवा आला होता. खरडून जागा लख्ख केली, बोल्ट मापाने आवळला, पुन्हा मोजमाप घेतले. अर्ध्या तासाचे काम! पैसे लागले नाहीत. भाग बदलावा लागला नाही. लागली ती फक्त एक वही, आणि ती वाचण्याची कुणाची तरी तयारी.

ज्यांच्या घरी नवी गाडी आहे त्यांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. तक्रार तोंडी सांगू नये. जॉबकार्डावर आपल्या शब्दांत लिहायला लावावी आणि तिची प्रत घ्यावी. संगणकातली नोंद पुसण्याआधी तिचा कागद मागावा. दिवा पेटला तर शेजारी बसलेल्याने त्याचे छायाचित्र टिपावे. आणि दोष सापडेपर्यंत घरच्यांना त्या गाडीतून घाटात नेऊ नये. एकाच जातीच्या अनेक गाड्यांत सारखा धोकादायक दोष दिसला, तर त्या परत बोलावण्याचा हुकूम सरकार कारखानदाराला देऊ शकते. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने तो अधिकार दिला आहे. पण तिथवर जायलाही कुणीतरी आधी नीट लिहून ठेवलेले लागतेच.

त्यानंतर गाडी हजारो किलोमीटर चालली; पिवळा दिवा पुन्हा पेटला नाही. मात्र आईचा निकाल अजून कायम होता. पावसाळा सरला, दिवाळी झाली. मार्गशीर्षात एके दिवशी ती आपणहून म्हणाली, "चल, बघू तुझी गाडी." घाट सुरू झाला. पहिल्या वळणाला तिने विचारले, "जड होतंय का रे?" मी म्हटले, "नाही." दुसऱ्याला तेच. तिसऱ्याला, चौथ्याला तेच. पाचव्याला तर तिने पुढच्या बाकाची पाठच घट्ट धरली. वळण लोण्यासारखे झाले. सहाव्यालाही तिने विचारले, पण आवाज हलका होता.

सातव्या वळणाला प्रश्न आला नाही. आरशात पाहिले, तर आई काच खाली करून दरीकडे पाहत होती आणि नातवाला बोटाने दाखवत होती: ती बघ कृष्णा, तो ढोल्या गणपतीचा कळस, आणि त्याच्या अलीकडे, त्या झाडीत, आमचं घर.