कुर्तुब्यात तीन दिवस

राजापेठेतल्या आमच्या घरी सध्या स्पेनचं वेळापत्रक ठरतंय. मुलगी माद्रिदला नोकरी करते. तिच्या सुट्टीतले तीन दिवस कॉर्डोबासाठी ठेवलेत. आपल्या बुजुर्गांच्या तोंडचं कुर्तुबा ते हेच. माद्रिदहून वेगवान रेल्वेनं दोन तासांच्या आत पोचता येतं. व्हिसासाठी मुंबईची एक खेप तेवढी व्हायची आहे.

अम्मीनं एकच विचारलं, "तिथल्या मशिदीत नमाज पढता येते का?"

नाही. आठव्या शतकात पहिल्या अब्दुर्रहमाननं बांधायला घेतलेली ती मशीद 1236 पासून चर्च आहे. मुसलमानांना तिथं नमाजची परवानगी नाही.

"मग जायचं कशाला?"

प्रश्न रास्त आहे. तिथं उभं राहून 'हे आमचं होतं' म्हणणं सोपं. पण इथं कुणी आपल्या मशिदीकडे बोट दाखवून तेच वाक्य म्हणालं, की आपल्या छातीत धडकी भरते. त्या मशिदीचे कित्येक खांबही जुन्या रोमन इमारतींतून आणलेले आहेत. सोळाव्या शतकात तिच्या मधोमध कॅथेड्रल बांधलं गेलं, तरी लाल-पांढऱ्या कमानी उभ्याच आहेत. आपल्या वऱ्हाडात इमादशाही स्थापणारा फतहुल्ला तरी कोण? विजयनगरकडच्या हिंदू घरात जन्मलेला. असा इतिहास कुणा एकाच्या नावावर कसा चढवायचा?

म्हणून जुहर मुक्कामाच्या खोलीत पढू, मग तिकीट काढून पाहुण्यासारखे आत जाऊ. अम्मीनं बॅगेत जानमाज आधीच ठेवली आहे.