इकडे पाऊसपाणी बरे आहे

पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेलेल्या हिंदी शिपायांची पत्रं आज वाचायला मिळतात ती सेन्सॉरच्या कृपेनं. बूलोन बंदरात कॅप्टन इव्हलिन हॉवेल यांच्या हाताखाली एक कचेरी थाटली होती. तिथे शिपायांची टपाल वाचायची, त्यातले उतारे इंग्रजीत करून अहवालाला जोडायचे. मूळ पत्रं बहुतेक गेली, अहवाल लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत राहिले. शिपाईही काही भोळे नव्हते. आपल्या माणसांना ते काळी मिरी म्हणत, गोऱ्यांना लाल, आणि काळी मिरी संपत आल्याचं गावाकडे कळवत. वाचणाऱ्या साहेबांना हे कळत होतं, तो भाग वेगळा.

माझं मन घुटमळतं ते उलट दिशेनं गेलेल्या पत्रांपाशी. आईचं पत्र शिपायाच्या खिशात राहतं, आणि खिशाचं जे होतं ते त्याचं होतं. भिजतं, घडीवर विरतं, कधी माणसाबरोबर मातीत जातं. सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे, ज्याला सगळे मिलिटरी अपशिंगे म्हणतात, त्या एका गावचे 46 जण त्या युद्धात कामी आले. त्यांची नोंद दगडावर आहे. त्यांच्या आयांनी काय लिहून पाठवलं होतं, याची नोंद कोण ठेवणार?

तिकडे मेसोपोटेमियात 110वी मराठा पलटण कुतच्या वेढ्यात सापडली. डिसेंबर 1915 पासून 29 एप्रिल 1916 पर्यंत. सोडवायला निघालेल्या फौजेलाच जिथे वाट मिळाली नाही, तिथे पत्राची काय कथा. वेढा संपला तो शरणागतीनं, आणि उरलेले कैदेत गेले. इकडे घाटावर, कोकणात आया पत्रं लिहवून घेत राहिल्या असतील. लिहवून घेत, कारण स्वतःला अक्षर येणारी विरळाच. मास्तर, पेन्शनीत आलेला हवालदार, शाळेत जाणारं शेजारचं पोर, जो सापडेल तो. लेकाला हाक मारायची तीही उसन्या अक्षरात.

त्या उसन्या अक्षरवाल्यांच्या शेवटच्या पिढीत मी मोडतो. 1971 साली सातवीत होतो. खटाव तालुक्यातल्या आमच्या आळीत नानीचा थोरला मराठा लाइट इन्फन्ट्रीत होता. निळं आंतर्देशीय पत्र घेऊन ती दिवेलागणीच्या आत यायची. पत्ता तिला तोंडपाठ: नंबर, हुद्दा, नाव, पलटण, मार्फत 56 एपीओ. या पत्त्यात गावच नव्हतं. फौजेची पत्रं त्या आकड्यावर जमायची आणि तिथून पुढे जिथं पलटण असेल तिथं जायची; आईला ठाऊक असायचा तो फक्त आकडा.

"छप्पन कुठंशी आलं रं?" ती विचारायची. मी नकाशा काढायचो नि उगाच वर काश्मीरवर बोट ठेवायचो. "लई थंडी असंल," म्हणून ती स्वतःचाच पदर आवळून घ्यायची.

सांगायला बसली की ती धड तासभर सांगे. सुनेचं माहेरी जाणं, चुलत दिराचा बांधावरून तंटा, स्वतःचे गुडघे. मग म्हणे, "यातलं काय लिवू नगं. म्हस याली, रेडी झाली, त्येवढं लिव्ह." तासाभराच्या बोलण्यातून पाच ओळी निघत. चिरंजीवास अनेक आशीर्वाद, पत्रास कारण की, मनिऑर्डर पोचली, आम्ही सर्व खुशाल, जिवाला जपणे. डिसेंबरात चावडीवरच्या रेडिओभोवती अख्खं गाव बसायचं. मी विचारलं, "नानी, लढाईचं काही लिहू का?" ती म्हणाली, "त्यो तितंच हाय की. त्याला कशापायी सांगायची लढाई?"

वीरमातांवरची भाषणं मी पुढे पुष्कळ ऐकली. त्यांतल्या आया लेकाला ओवाळून रणात धाडतात आणि डोळ्यांतून टिपूस काढत नाहीत. नानीच्या पत्रांत देशाचं नाव एकदाही आलं नाही. म्हणून तिची छाती लहान होती असं ज्याला वाटेल त्यानं खुशाल वाटून घ्यावं.

16 डिसेंबरला ढाका पडलं, दुसऱ्या दिवशी पश्चिमेकडचीही लढाई थांबली. पण फौजा आपल्या जागी परतायला पुढचं सबंध वर्ष गेलं. आणि इकडे त्या वर्षी, 1972 ला, पाऊस आलाच नाही. विहिरींचे तळ दिसले. दावणीची जनावरं मिळेल त्या किमतीला गेली, त्यात नानीची म्हैस आणि ती रेडीही. रेशनवर लाल मिलो यायचा, त्याच्या भाकरीला ना चव ना चिकटपणा. नानी दुष्काळी कामावर जाऊ लागली, खडी फोडायला. दुपारी तिथं सुकडी मिळायची, ती पदरात बांधून नातवाला आणायची. हाताला चिंध्या गुंडाळलेल्या. त्या हातात निळं पत्र.

"लिव्ह, इकडं पाऊसपाणी बरं हाय. म्हस दूध देतीया."

मी लिहिलं. बूलोनच्या कचेरीतल्या साहेबांना तरी काय कापायचं, काय ठेवायचं याचे नियम होते. नानी हे सगळं मनाशीच ठरवायची, आणि तिच्या हातून वावगं अक्षर पुढे गेलं नाही. तिचा थोरला कुठल्या खंदकात काय खातो हे तोही कधी लिहीत नसे. त्याचंही ठरलेलं: मी मजेत आहे.

दिवाळीच्या सुमारास त्याचं पत्र आलं. मीच वाचून दाखवलं. पाऊस चांगला झाल्याचं वाचून समाधान वाटले. म्हशीस जपणे. या महिन्यापासून मनिऑर्डर वाढवून पाठवीत आहे. आणि खाली, धाकट्यास सांगणे की आईस उन्हात दगडापाशी जाऊ देऊ नये.

नानीनं माझ्याकडे रोखून पाहिलं. "त्याला कुनी सांगितलं?"

"आईशप्पथ, मी नाही." शेजारच्या गावचा कुणी रजेवरून परत गेला असेल, आणखी काय.

ती बराच वेळ चिंध्यांची गाठ सोडत बसली. मग म्हणाली, "घे. लिव्ह. पैसं पोचलं. पाऊस अजून चालूच हाय म्हनावं. दाराम्होरं ह्यो चिखुल झालाय, बाहीर पाय टाकाय येत न्हाय. ऊन कुटलं आलंय?"