पखवाजाचा धुमा आणि दहा बाय दहाची खोली

हिंगोली जिल्ह्यात घरच्या घरी उभा राहणारा स्टुडिओ बहुतेक वेळा भजनासाठी असतो. संत नामदेवांचे जन्मगाव मानली जाणारी नर्सी याच जिल्ह्यात आहे आणि गावोगावी भजनी मंडळे आहेत. त्यामुळे खोलीचा खरा कस लागतो तो पखवाजाला. 1999 साली स्वतंत्र होईपर्यंत हा जिल्हा परभणीचा भाग होता आणि नीट बांधलेल्या खोलीत गायची हौस असणारे परभणीच्या आकाशवाणी केंद्राची वाट धरत. आता लॅपटॉप, दोन चॅनलचा इंटरफेस आणि एक कंडेन्सर माइक एवढ्यावर काम सुरू होते. खोलीचा प्रश्न मात्र तसाच राहतो.

नव्या आरसीसी घरात हाती येते ती दहा बाय दहाची खोली. स्लॅबही जवळजवळ दहा फुटांवरच असतो. स्टुडिओसाठी याहून वाईट आकार शोधून सापडणार नाही. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 344 मीटर. दहा फूट म्हणजे 3.05 मीटर. वेगाला या लांबीच्या दुपटीने भागले की 56 हर्ट्झ येतात. समोरासमोरच्या भिंतींमध्ये हा स्वर अडकून घुमत राहतो आणि लांबी, रुंदी, उंची सारखीच असल्याने तिन्ही दिशांना तोच घुमतो. त्याच्या वर 113 हर्ट्झला दुसरा फुगवटा. पखवाजाच्या कणीक लावलेल्या खर्जाच्या तोंडाचा, म्हणजे धुम्याचा, गुंजारव बहुधा याच पट्ट्यात असतो.

खोलीच्या मधोमध 56 हर्ट्झ जवळजवळ ऐकूच येत नाही आणि भिंतीला पाठ टेकली की तोच स्वर छातीवर येतो. मधोमध बसून मिक्स करणाऱ्याला धुमा कमी वाटतो, म्हणून तो वाढवतो. तेच भजन जीपमध्ये लावले की काचा थरथरतात आणि गवयाचे शब्द बुडतात. मग धुमा उतरवायचा, पुन्हा ऐकायचे, पुन्हा चढवायचा. या फेऱ्यात रात्रच्या रात्र जाते आणि दोष पखवाजाच्या शाईला नाहीतर वादकाच्या हाताला दिला जातो. खुर्ची समोरच्या भिंतीपासून पावणेचार-चार फुटांवर आणली की पुढच्या-मागच्या भिंतींपुरता फरक पडतो. डावी-उजवी भिंत आणि छत यांचा हिशेब तरीही उरतोच.

भिंतींना अंड्यांचे ट्रे नाहीतर दोन इंची फोम चिकटवून पाटी लावणारे स्टुडिओ तालुक्याच्या गावी बरेच दिसतात. फोटोत ते शोभतात. पण 56 हर्ट्झच्या लहरीची लांबी सहा मीटरच्या वर. तिला दोन इंच फोम कळतही नाही. फोम फक्त वरचे स्वर पितो. खोली ऐकायला कोंदट होते आणि घुमारा होता तिथेच राहतो. खर्च करायचा तो कोपऱ्यांत. जमिनीपासून छतापर्यंत रॉकवूलचे जाड थर, कापडात गुंडाळलेले, मागे चार इंच हवा सोडून. तेवढी ऐपत नसेल तर जुन्या कापसाच्या गाद्यांच्या वळकट्या चारही कोपऱ्यांत उभ्या करता येतात. त्यांना उंदीर, पावसाळ्यातली ओल आणि आग यांपासून जपावे लागते. यानेही 56 पूर्ण मरत नाही, पण धुम्याचे बोल एकमेकांत मिसळायचे थांबतात.

जुन्या वाड्यातली माळवदाची लांबट खोली मिळत असेल तर ती सोडू नये. कड्या-पाटांचे उंचसखल छत, भिंतीतले कोनाडे आणि असमान बाजू यांमुळे घुमारा एका जागी साठत नाही. माती झडते, त्यासाठी वर कापडी छत बांधावे. पत्र्याच्या खोलीतून खर्ज बाहेर निसटतो, हा तिचा गुण; पण पाऊस आला की काम बंद.

उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि पंखा बंद ठेवूनच रेकॉर्डिंग करावे लागते. वसमतकडे हळदीच्या हंगामात पॉलिशचे ड्रम आणि ट्रॅक्टर दिवसभर चालू असतात. म्हणून बैठक रात्रीचीच. वीज हा वेगळा विषय. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि हेडफोनमध्ये 50 हर्ट्झची घरघर सुरू होते. नवी केबल विकत घेण्याआधी मीठ-कोळशाच्या त्या खड्ड्यात दोन घागरी पाणी ओतून पाहावे.

एकाच खोलीत टाळ वाजले की ते प्रत्येक माइकमध्ये शिरतात. गवई आणि पखवाज आधी घ्यावेत, टाळ नंतर. पखवाज तयार सॅम्पलमधून लावण्याची चाल अलीकडे पडली आहे. वेळ वाचतो हे खरे, पण गवयाच्या श्वासाबरोबर ठेका किंचित मागे-पुढे सरकतो ते त्यात राहत नाही, आणि भजन ज्याने भजन होते ते तेच.

पन्नाशीनंतर कानाला आठ-दहा हजार हर्ट्झच्या वरचे कमी कमी होत जाते. टाळांची लकाकी तिथेच असते. जुना ध्वनिमुद्रक मग टाळ नकळत तिखट करतो. विशीतला शिकाऊ पोरगा शेजारी बसलेला असतो, त्याला ते टोचत असते. पण त्याला विचारणे जिवावर येते. इतक्या वर्षांचा कान अशी ख्याती असते आणि ती त्या पोरासमोर मोडू द्यायची नसते. वाढत्या वयात महाग मॉनिटर स्पीकर घेतले जातात त्यामागेही पुष्कळदा हीच प्रतिष्ठा असते. तो पैसा कोपऱ्यांत घातला असता तर धुमा सुधारला असता आणि टाळांसाठी त्या पोराचा कान फुकट होता.

शेवटचे काम जतनाचे. मूळ ट्रॅक 24 बिट, 48 किलोहर्ट्झमध्ये, कोणताही इफेक्ट न लावता, दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावेत. फाइलला गाव, मंडळ आणि तारीख द्यावी. मंडळाला व्हॉट्सअॅपवर पाठवताना ती डॉक्युमेंट म्हणून पाठवावी.